ईशानीचं फूल

लहान मुलांची कलाकृती सुबक व्हायची असेल, तर ती मोठ्यांनी करावी, याबद्दल सुजाण पालकांत दुमत नाही. गंगाकाठच्या दूधविनायकच्या गल्लीतल्या निवेदितालाही हे उपजतच ठाऊक होतं.

तिच्या पाच वर्षांच्या ईशानीला हिंदी बालवाडीतून फर्मान आलं: घरातल्या रद्दीचं फूल मुलाने स्वतः करून आणावं, भिंतीवर लावलं जाईल. (पालकांनी हात लावू नये, असंही होतं. ते अर्थातच इतर पालकांसाठी.)

आता पुरोहिताच्या घरात रद्दी आणायची कुठून? जुन्या पंचांगाला कात्री लावायची नाही. लग्नपत्रिकांवर गणपती, मिठाईच्या खोक्यावर अन्नपूर्णा, आणि पेपर उघडावा तर श्रावणातला शंकर पानभर बसलेला. असल्या कागदांचं गंगेत विसर्जन होतं, फुलं होत नाहीत. शेवटी निवेदिताने बाजारातून कोरा गुलाबी कागद आणला आणि तो रद्दी वाटावा म्हणून मन लावून चुरगळला.

"अगं, हा तर नवा आहे," विश्वेश म्हणाला. नवरा असला तरी त्याला दिसत होतं.

"आता नाही राहिला. तुम्ही तुमचं संध्येचं बघा."

"आई, मी काटू ना! मला बनवायचंय!" ईशानी कात्रीला लोंबकळली.

"तू बघ बाळा. बघूनच येतं."

ईशानीने थोडा वेळ बघितलं. मग दाराआड बसून बिस्किटाच्या रिकाम्या पुड्याचं फूल केलं. पाकळ्या फाटक्या, डिंकाऐवजी कणीक. "हे लावायचं भिंतीवर," ती म्हणाली. निवेदिताला भरून आलं, अगदी खरं. तिने पोरीचा पापा घेतला आणि सकाळी ते फूल केरात टाकलं. ईशानी रिक्षात बसेपर्यंत रडत होती.

भिंतीवर तीसेक मातांची फुलं लागली, ती बघायला पालक जमले. गुलाबी फुलाला पहिला नंबर मिळाला. "कैसे बनाया, बेटा?" बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं.

"मम्मी ने बनाया. मेरावाला फेंक दिया."

सगळे पालक खळखळून हसले. किती गोड, किती निरागस! सर्वांत मोठ्यांदा निवेदिता हसली आणि सर्वांत आधी थांबली.

तुम्हीही हसा, बिनधास्त. फक्त शोकेसमधलं 'आमच्या सोनूने केलेलं' घर पाहुण्यांना दाखवताना सोनू जवळपास नाही ना, तेवढं बघून घ्या. त्याला अजून खोटं बोलता येत नाही. ते तो तुमच्याकडे बघून शिकतोय.