ब्ल्यू डायमंड, कोबाल्ट आणि शांतामावशी

आधी शांतामावशींचं नाव घेते, मग पुढचं. छावणी भागात मला खोली त्यांनी दिली. मी गडचिरोलीकडची, आठवीतच शाळा सुटलेली, वाळूजला औषधांच्या कंपनीत पॅकिंगवर लागलेली एकटी बाई. बाकीच्या घरमालकांनी नवरा कुठं, जात कोणती, भेटायला कोण येणार, सगळं विचारलं. मावशींनी एवढंच विचारलं,

"पांढरी साडी नेसशील का?"

माझ्या छातीत धस्स झालं.

"आगं घाबरती कामून? फक्त माशांच्या खोलीत. त्यांना दुसरा रंग खपत नाय."

मावशी सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात सिस्टर होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर डिस्कस मासे पाळले. ताटलीसारखे गोल, चपटे, लाल डोळ्यांचे. हे मासे पळत नाहीत, पाण्यात नुसते उभे राहतात. खोलीत उजेड निळसर, पाणी कोमट, आवाज फक्त बुडबुड्यांचा. दार उघडलं की सगळे एकदम वळतात आणि तोंडाकडं बघतात. पहिल्यांदा गेले तेव्हा, बघायला पाहुणे आल्यासारखी मीच नजर खाली घातली.

"हा ब्ल्यू डायमंड. ही कोबाल्ट."

मला दोन्ही कापडाच्या एकाच ताग्यातून फाडल्यासारखे निळे दिसले.

"कपाळ बघ, कपाळ! कोबाल्टच्या कपाळावर आन् कल्ल्यापाशी फिक्या रेघा असतेत. डायमंड कोरा. वॉर्डात दोन पोरं सारखी दिसली तर आईला काय म्हणावं, घे बाई कुठलंबी?"

हे मासे भ्याले की अंगावर उभे काळे पट्टे उमटतात. मावशी माणसांनाही तोच नियम लावायच्या. सुपरवायझर माझ्यावर ओरडला त्या दिवशी मी गुपचूप जिना चढत होते, तर खालून आवाज आला, "पोरी, पट्टे आलेत तुला. ये, चहा टाकते." मी खरंच आरशात मान बघून आले.

पण हळूहळू मला मावशींचीच भीती वाटायला लागली. त्यांनी मला त्यांची साडी दिली. मग त्यांच्यासारखा अंबाडा घालायला लावला. मग म्हणाल्या, "डावा पाय जरा ओढ. मी तशीच चालते ना? आन् काचेपाशी गेलं की हळूच म्हणायचं, आलेऽ." मी म्हणायचे. मासे कोपऱ्यात जाऊन काळे पडायचे. "परत," मावशी म्हणायच्या. एका म्हातारीला दुसरी म्हातारी कशाला लागते, हा विचार करून माझी झोप उडाली. एका संध्याकाळी दूधवाल्या रशीदभाईंनी खिडकीतून आम्हाला बघितलं आणि दूध शेजाऱ्यांकडंच ठेवून पळाले. "अंदर दो-दो मावशी फिररे! मेरेकू नक्को वो घर!"

शिवाय रोज एक प्रश्न असायचा, "सांग बरं, पुढं कोण आलंय?" मी कपाळ बघून सांगायचे. मला वाटायचं, परीक्षा घेतात.

एका सुट्टीच्या दुपारी मावशींनी जोडी लावायला डायमंडच्या मादीपाशी नर सोडला. त्याच्या कपाळावर रेघा होत्या.

"मावशी, हा कोबाल्ट आहे."

मावशींनी नाक काचेला टेकवलं.

"मला दोन्ही मळकेच दिसतेत गं आता."

मोतीबिंदू पिकला होता. आणखी थांबलात तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी मावशी ऑपरेशन टाळत होत्या, कारण परकं माणूस आलं की हे मासे खाणं सोडतात, उपाशी मरतात. म्हणून घरात दुसरी मावशी तयार करणं चाललं होतं.

"आधी सांगायचं ना!" मी म्हटलं.

"सांगून कुणी राहतं का? पळाली असती."

मावशी दवाखान्यात गेल्या त्या दिवशी मी साडी नेसले, पाय ओढत आत गेले. काचेत मावशी उभ्या होत्या. मागं वळून बघितलं, कुणी नव्हतं. "आलेऽ," मी म्हटलं, आणि तो आवाजही माझा वाटला नाही. मासे एकेक करून पुढं आले. डायमंडनं बोटातून खाऊ ओढून घेतला.

पट्टी निघाल्यावर मावशी घरी आल्या. साडी पांढरीच, पण डोळ्यांवर दवाखान्यातला मोठा काळा चष्मा. दारातून म्हणाल्या, "आलेऽ."

सगळे मासे मागच्या काचेला जाऊन चिकटले, अंगभर पट्टे. मग हळूहळू सरकत, मी काचेपाशी उभी होते त्या बाजूला आले.

मावशी हसल्या. "झ्याक शिकलीस. आता मी मेले तरी यांना कळणार नाय."

मग बाहेर स्टूल घेऊन, दाराकडं पाठ करून बसल्या. थोड्या वेळानं विचारलं, "कोबाल्टनं खाल्लं का गं?"

दुसऱ्या दिवशी मी गुलमंडीच्या बाजारातून तसलाच काळा चष्मा आणला. माशांना चष्म्याची सवय व्हावी म्हणून तो घालून आत जाते, स्टुलाला धडकते. मासे मला भितात, कंपनीतल्या बाया ऐकून हसतात. हसू देत. मावशी, तुम्ही मला घर दिलंत. तुमची पोरं एक दिवस मी तुमच्याकडं तोंड करून उभी करीन.