गुढीचं तोंड कुणीकडे

त्या पाडव्याला हरिहरराव गद्र्यांच्या पदरात एकूण तीन गोष्टी पडणार होत्या. एक, घराला उंच काठी बांधायची मालकांची परवानगी, आणि तीही न मागता. दोन, साडेतीन मुहूर्तांतला एक अख्खा मुहूर्त. आणि तीन, रोज संध्याकाळी तासभर असे आवाज, ज्यांचं हरिहररावांकडे काहीही काम नव्हतं.

खरी ओढ तिसऱ्या गोष्टीची होती. हरिहरराव मुंबईला एका मालवाहतूक कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसत. ज्याचा गूळ वितळला, ज्याची बरणी फुटली, ज्याची केळी नागपूरऐवजी नाशकात पिकली, तो प्रत्येक माणूस गेली सव्वीस वर्षं हरिहररावांशी बोलत आला होता. डोंबिवलीला घरी यावं तर जिन्यातच कुणीतरी म्हणे, "हरिहरराव, जरा..." आणि ते मधल्याच पायरीवर अडकत. 'जरा' म्हणणाऱ्यांचं काम कधीच जरासं नसतं.

लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान लिलावात निघालं, तेव्हा त्यांनी एक हिरवा, ट्रंकेएवढा रेडिओ उचलला होता. त्यावर गाणी लागत नसत, बातम्या लागत नसत. लागलाच तर सांताक्रूझच्या विमानतळाशी बोलणारा एखादा वैमानिक लागे, तोही खोकल्याच्या उबळीतून शब्द निसटावा तसा. पण एकदा एक वैमानिक चांगला तीन वाक्यं ऐकू आला होता. त्याने आपली उंची सांगितली, आभार मानले आणि गप्प बसला. इतकं थोडं बोलून माणसाचं भागतं हे पाहून हरिहररावांना भरून आलं होतं.

तेव्हापासून त्यांनी एका इंग्रजी मासिकातून एरियलचा नकाशा उतरवून घेतला, आणि एका आडव्या पट्टीवर पडद्याच्या पितळी कांबी ओळीने बसवल्या, मागे लांब, पुढे आखूड.

"ही साधी एरियल नव्हे," त्यांनी बायकोला समजावलं. "हिचं तोंड जिकडे, तिकडचंच हिला ऐकू येतं. पाठीमागे कुणी ओरडलं तरी पत्ता लागत नाही."

"मग मुद्दाम कशाला केली?" वासंतीबाई म्हणाल्या. "घरात तुम्ही होतातच की."

एरियल तयार झाली, पण ती कौलांच्या वर जायला हवी होती, आणि कौलं श्रीपादरावांची होती. चाळीत बिऱ्हाडं आठ, मालक एक, आणि मालकांचा जीव कौलांत. कौलावर मांजर चढलं तरी श्रीपादराव अंगणातून विचारत, "कुणाचं आहे ते?" कपडे वाळत घालायला खिळा मागितलेल्या भाडेकरूला त्यांनी अकरा महिने तंगवलं होतं. मात्र पाडव्याच्या दिवशी सज्जाच्या खांबाला काठी बांधायला कुणाला काही विचारावं लागत नसे.

"गुढी म्हणून उभारायची," हरिहरराव म्हणाले, "आणि उतरवायला विसरायचं."

"सूर्यास्ताच्या आत उतरवावी लागते. राहिली तर अशुभ."

"अगं, वरचं वस्त्र, गडू, कडुनिंब उतरवू. मग राहते ती नुसती काठी. काठीला कसला आलाय सूर्यास्त?"

काठीची सोय परशुरामाने केली. परशुराम कोळी खाडीवर राहायचा आणि त्याच्या जुन्या होडीची डोलकाठी मोकळी पडलेली होती. पंचवीस फुटी, सरळ, ताडासारखी.

"सणापुरती नेतंय ना, रावसाहेब?" त्याने विचारलं. "चौथीला मना होडी काढायची हाय. काठी पायजे."

"सणापुरतीच," हरिहरराव म्हणाले. सण किती दिवसांचा, हे परशुरामाने विचारलं नाही आणि हरिहररावांनी सांगितलं नाही. तक्रारींच्या टेबलावर सव्वीस वर्षं बसल्यावर माणूस एवढं शिकतोच.

पाडव्याच्या पहाटे परशुराम स्वतः काठी घेऊन आला आणि स्वतःच ती बांधायला लागला. भाडेकरू गुढी बांधतात ती सुतळीने. परशुरामाने काथ्याचा ओला दोर काढला, खांबाला नऊ वेढे घातले आणि वेढ्यांत लाकडी पाचरी ठोकल्या. "आता वादळ आलं तरी खांब जाईल, काठी नाय जायची," असं सांगून तो निघून गेला. हरिहररावांना वाटलं, देव देतो तेव्हा असा देतो.

काठी उभी करण्याआधी, ती आडवी असतानाच, हरिहररावांनी टोकाला कांबी बांधल्या होत्या. तेव्हाच वासंतीबाईंनी त्यावर जरीचं वस्त्र नेसवलं, कडुनिंबाचा डहाळा बांधला, साखरेच्या गाठी घातल्या, वर तांब्याचा गडू पालथा ठेवला. वस्त्राच्या दोन्ही बाजूंनी कांबी बाहेर डोकावत होत्या. परशुरामाची म्हातारी आई आवडाबाई मासळीची पाटी घेऊन रस्त्याने चालली होती. ती थांबली, वर बघितलं, डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं.

"ही तं घोळीचा काटा," ती म्हणाली. "बामणांनी लुगडं नेसवून टांगलाय."

चाळीतल्या बायका हसल्या. श्रीपादराव मात्र हसले नाहीत. ते अंगणात उभे राहून गुढीकडे डोळे बारीक करून बघत होते.

"गद्रे, हे चुकलं तुमचं."

"काय चुकलं?"

"गुढीचं तोंड मावळतीकडे. वर्षाच्या पहिल्या दिवशी सूर्याला पाठ दाखवता? माझ्या घरावर हे चालायचं नाही. फिरवा उगवतीकडे."

सांताक्रूझ मावळतीला होतं, म्हणूनच तोंड तिकडे होतं. पण हे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं. हरिहररावांनी पळत जाऊन परशुरामाला कोपऱ्यावर गाठलं, परत आणलं, आणि त्याने पाचरी काढून काठी फिरवली, पुन्हा ठोकल्या. या वेळी, मालक समोर उभे म्हणून, चार जास्त.

दिवसभर हरिहरराव कानाला रेडिओचे फोन लावून रेडिओपुढे बसले. एरियलचं तोंड कल्याणकडे, शहाडकडे, आणि त्यापलीकडे मैलोन्‌मैल भाताच्या रिकाम्या शेतांकडे. तिकडे कुणालाही काही बोलायचं नव्हतं.

"संध्याकाळी फिरवीन," ते म्हणाले.

"श्रीखंड खाऊन घ्या," वासंतीबाई म्हणाल्या. "तेवढं तरी कुठल्याही तोंडाने खाता येतं."

साडेपाचला बाकीच्या सात गुढ्या उतरल्या. हरिहररावांनी कानाचे फोन सोडवून रेडिओचा भोंगा लावला, म्हणजे सज्जात ऐकू येईल, आणि स्टुलावर चढून काठी फिरवू लागले. काठी हलेना. त्यांनी पाचर ओढली. पाचरीने त्यांची दोन नखं घेतली.

"गद्रे, सूर्य कलला," खालून श्रीपादराव म्हणाले.

"उतरवतोय."

"मघापासून मिठी मारून उभे आहात. उतरवताय कुठे?"

अर्धी चाळ वर आली. उत्तरा नावाच्या शेजारणीने सुचवलं की दोर भिजवला की सैल होतो, आणि कुणी नको म्हणायच्या आत बादलीभर पाणी ओतलं. भिजलेला काथ्या आणखी आवळला. पाचरी फुगल्या. आता दोर आणि खांब यांच्यात सुईसुद्धा गेली नसती.

"दोर कापा," कुणीतरी म्हणालं.

"खबरदार," श्रीपादराव जिना चढता चढता ओरडले. "पंचवीस फुटांचं लाकूड आहे ते. कुठे पडेल?"

सगळ्यांनी वर बघितलं. ते एकाच ठिकाणी पडलं असतं. कौलांवर.

म्हणजे गुढी ठेवली तर घरावर अशुभ, आणि पाडली तर घर उघडं. श्रीपादरावांनी सूर्याकडे बघितलं, कौलांकडे बघितलं, आणि मग हरिहररावांकडे असं बघितलं की त्यांना आपलं सामान अंगणात दिसू लागलं.

"पाडव्याला खोली दिली होती तुम्हाला," मालक सावकाश म्हणाले. "पाडव्यालाच परत घेता येते."

शेवटी कुणीतरी परशुरामाला आणलं. त्याने दोराकडे बघितलं. "पानी कोनी घातला?" उत्तरा पदराआड गेली. परशुरामाने सुतारी वाकसाची बोथट पाठ घेऊन खालून दोन ठोके दिले, आणि सव्वा तास न हललेल्या पाचरी एकामागून एक निघाल्या. काठी डळमळली. "धरा कोनीतरी," तो म्हणाला. कौलांच्या काळजीने सगळ्यांत आधी श्रीपादराव धावले आणि त्यांनी काठीला दोन्ही हातांनी कवळलं. त्यांच्या वजनाने काठी गरकन फिरली, मावळतीकडे.

आणि खोलीतून एक माणूस स्वच्छ बोलला.

इंग्रजीत, अगदी शेजारच्या खोलीतून बोलावं तसं, तो म्हणाला की आपण चार हजार फुटांवर आहोत, आकाश निरभ्र आहे, खाली दिवे दिसायला लागले आहेत.

"कोण हा?" श्रीपादरावांनी काठी न सोडता विचारलं.

"वैमानिक," हरिहरराव म्हणाले. सगळं संपलंच होतं, तेव्हा त्यांनी सगळंच सांगितलं. कांबी, मासिक, सांताक्रूझ, गुढी.

श्रीपादरावांनी काठी धरूनच आकाशाकडे बघितलं. मग म्हणाले, "दिवे म्हणाला. आपले दिसत असतील का हो त्याला?"

"दिसत असतील."

"माझं घर?"

हरिहररावांनी दुबळ्या क्षणी मान डोलावली. तिथेच त्यांचा व्यवहार बुडाला.

श्रीपादराव काठी सोडून खोलीत शिरले, आणि आवाज तिथेच बंद झाला.

"फिरली वाटतं. कुणीतरी धरा ती," आतून हुकूम आला. परशुराम म्हणाला, मी धरणार नाही, मना घरी सण हाय. पाचरी आता ठोकायच्या नाहीत, असं मालकांनीच ठरवलं, कारण निम्मी विमानं दुसरीकडून येत असणार. काठी तेवढ्यापुरती खाली घेतली, वस्त्र, गडू, डहाळा उतरवून वासंतीबाईंनी घरात नेलं, म्हणजे अशुभाचा प्रश्न मिटला. राहिली ती नुसती काठी, आणि ती धरायला ज्याची एरियल तो.

चौथीपर्यंत हे रोज चाललं. परशुरामाची डोलकाठी ठरल्या दिवशी गेली, तेव्हा मालकांनी स्वतः ठाकुर्लीहून नवा वासा आणवला.

तेव्हा कुणाच्या पदरात काय पडलं ते असं. श्रीपादरावांना विमानं मिळाली. बिऱ्हाडांना संध्याकाळची करमणूक मिळाली. उत्तराला पाण्याबद्दल कुणी बोललं नाही. वासंतीबाईंच्या जरीला दोन कांबींनी भोकं पडली, ती त्यांनी रफू केली. आणि हरिहरराव ऑफिसातून येऊन, कपडे न बदलता, सज्जात स्टुलावर काठी धरून उभे राहतात. वैमानिक आत बोलतो, तो तिथवर ऐकू येत नाही, कारण आत माणसं फार आणि दार लोटलेलं. आतून त्यांच्यापर्यंत येतं ते एवढंच:

"हरिहरराव, जरा डावीकडे."