मिदोरीबाईंचं तीर्थ

"कुणाच्या घरी काही तोंडाला लावायच्या आधी विचारत जा," नीरवने लग्नानंतर लगेच बजावलं होतं. विनिताने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. एरवी ती लेकीच्या, केयाच्या, डब्यातलं द्राक्षसुद्धा चिरून देणारी बाई. पण देवाच्या दारात कसली आलीय चौकशी?

दुबईत अल कुसैसच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर मिदोरीबाई राहायच्या. त्यांच्या हॉलमध्ये उंच फळीवर जपानी देवाचं इवलंसं लाकडी देऊळ होतं. विनिता सासूबाईंना, कुंदाताईंना, दर्शनाला घेऊन गेली. दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा वाकायचं. कुंदाताईंनी आरतीच्या सवयीने टाळ्या जरा लांबवल्या, एवढंच. मग मिदोरीबाईंनी देवापुढची छोटी पांढरी सुरई आदबीने पुढे केली. दोघींनी लगेच उजवे तळवे पसरले.

"तीर्थ तीनदा घ्यायचं असतं गं," कुंदाताई म्हणाल्या. तीनदा घेऊन झालं, ओला हात डोक्यावरून फिरला, आणि घशात जाळ उठला.

"आलं घातलंय वाटतं," म्हणत कुंदाताईंनी चौथ्यांदा हात पुढे केला.

"व्हॉट इज इट?" विनिताने विचारलं.

"साके. राइस वाइन," मिदोरीबाई कौतुकाने म्हणाल्या.

विनिताने घड्याळ पाहिलं. केयाची नर्सरी सुटायला आली होती, आणायला तीच गाडी घेऊन जायची, आणि या देशात थेंबभर पिऊन स्टिअरिंगला हात लावला की खलास. तिने अबू धाबीकडच्या मुसफ्फाच्या ऑफिसात नीरवला फोन लावला.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "शी. एका आईला हे शोभतं?"

"तीर्थ होतं ते. देवाचं होतं, मी घेतलं. सॉरी बोलणार नाही."

"टॅक्सी कर. आणि टीचरसमोर तोंड उघडू नकोस."

"चालत जाईन. तोंडही उघडेन."

भर उन्हात ती ताठ मानेने निघाली. मागून टाळ्या वाजवत कुंदाताई. "माझ्या नातीला आणायला मला कुणाची परवानगी लागते काय?"

नर्सरीच्या गेटपाशी केया येऊन गळ्यात पडली आणि नाक उडवत म्हणाली, "ममा, यू स्मेल लाइक बाबाज् फ्रायडे मीटिंग."

कुंदाताईंच्या टाळ्या थांबल्या. "कसली मीटिंग?"

विनिताने तिथूनच पुन्हा फोन लावला. "नीरव, तुझ्या मीटिंगमध्ये देव कोणता असतो रे?"

फोन कट झाला. संध्याकाळी त्याला रोज सोडणारी कंपनीची बस आली आणि गेली. तो काही उतरला नाही. तुमचं कुणी मुसफ्फात असेल, तर प्लीज त्याला जरा बघून या. जेवलाय का तेवढं विचारा. आणि सांगा, आई दारातच खुर्ची टाकून बसल्यात.