साखळी तुटलेली दुर्बीण

"या शहरात कामाचे डोळे दोनच, आणि दोन्ही माझ्याच कपाळाखाली आहेत," असं गरुड कोणाच्याही घरात शिरताना सांगायचा. चपलेवरून चारित्र्य आणि जांभईवरून गुन्हा ओळखतो म्हणायचा. गरुड हे नाव त्याचं त्यानेच ठेवलेलं. एरवी तो चष्म्याच्या दुकानात दांड्यांचे स्क्रू पिळायचा. आपण गुप्तहेर असल्याचं मात्र त्याने आख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. त्याची मदतनीस म्हणजे त्याची बायको. तिला या कामाचा पगार नव्हता आणि राजीनामाही देता येत नव्हता.

आजची केस काकूंकडची. काकूंचा नवरा जन्मभर नाटकगृहाच्या दारावर तिकिटं फाडायचा. तो गेला आणि महिन्याभराने त्याच्या ट्रंकेत ही दुर्बीण निघाली. तळहाताएवढी, पांढरी, पितळी कडांची. मागच्या रांगेतून नटीचा चेहरा बघायला लोक वापरायचे तसली.

"दारावरच्या माणसाला असली वस्तू कोण देतं?" काकूंच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या. "भाऊजींनी ढापली असणार."

काकूंना एवढंच हवं होतं, नवरा चोर होता की नव्हता. असेल तर दुर्बीण परत करायची आणि भिंतीवरचा फोटोही उतरवायचा.

"मन घट्ट करा, काकू," म्हणत गरुड घरातल्या एकुलत्या एका खुर्चीवर ऐसपैस बसला. काकू, जाऊबाई आणि बायको उभ्याच. त्याने दुर्बिणीचा वास घेतला. "हस्तिदंत! राजघराण्यातली. पन्नास हजार कुठे गेले नाहीत."

"ऐकलंस ना?" जाऊबाई खुलल्या. "पन्नास हजारांची चोरी!"

काकूंचा चेहरा पडला.

"अहो, जरा दमानं," बायको कुजबुजली.

"तू लिहून घे. ही कडी बघ. साखळीचे दोनच दुवे उरलेत, पुढचा पकडीने कापलाय. म्हणजे राणीच्या गळ्यातून हिसकावली. दोन लाख!"

"दोन लाख," जाऊबाईंनी पुन्हा म्हणून घेतलं. त्यांना ते फारच गोड लागलं होतं.

बायकोच्या डोक्यात तिडीक गेली. हा इकडे भाव चढवत होता आणि तिकडे काकूंचा बिचारा नवरा भुरट्याचा दरोडेखोर होत चालला होता. तोही मेल्यावर!

गरुडाने दुर्बीण कानाशी हलवली. "खुळखुळतंय! आत हिरा आहे."

वस्तू हातात आली की आधी खोलायची, ही दुकानातली खोड. त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. स्क्रू टुणकन उडाला आणि आतून एक वाळलेलं झुरळ पडलं.

"याचीही नोंद कर," गरुड गंभीरपणे म्हणाला. "आणि स्क्रू शोध."

बायको खुर्चीखाली वाकली. "पाय उचला."

"मी विचार करतोय."

"पायाने?"

खुर्चीच्या खोळीची झालर बाजूला करून तिने आत डोकं घातलं आणि तिथूनच हाक मारली, "अहो, उठा."

"पुरावा मिळाला?"

"तुम्ही त्याच्यावर बसलाय."

खुर्ची उलटी झाली. बैठकीखाली हातभर साखळी लोंबत होती, शेवटचा दुवा पकडीने कापलेला. दुर्बिणीच्या दुव्याशी काप तंतोतंत जुळला. शेजारी नाटकगृहाच्या शिक्क्याची चिठ्ठी चिकटवलेली. बायकोने वाचली, "मोडीत काढलेली खुर्ची, साखळीच्या दुर्बिणीसकट. दारावरच्या कर्मचाऱ्यास विनामूल्य."

"अगंबाई!" काकू म्हणाल्या. "नव्या खुर्च्या आल्या तेव्हा ही जुनी यांना दिली होती. मी नुसती खोळ शिवली, खाली कोण बघतं! साखळी यांनीच कापली असणार. नाहीतर खिडकीतून बघायला खुर्ची उचलून न्यावी लागली असती."

"आणि हस्तिदंत कसलं," बायको म्हणाली. "साच्याची रेघ दिसतेय. प्लास्टिक आहे."

"प्लास्टिक?" जाऊबाईंचा आवाजच बसला.

"तरीही ऐतिहासिक मूल्य धरलं तर वीस हजारांपर्यंत..." गरुडाने सुरुवात केली.

"खबरदार एक रुपया चढवलात तर!" काकू कडाडल्या. नवरा गेल्यापासून त्यांचा आवाज इतका कधी चढला नव्हता.

बायकोने खुर्चीखाली सापडलेला स्क्रू बसवून दुर्बीण त्यांच्या हातात दिली. काकूंनी ती डोळ्यांना लावली आणि जाऊबाईंकडे रोखली.

"काकू, उलटी धरलीत," तज्ज्ञांनी सांगितलं.

"माहितीय," काकू म्हणाल्या. "जाऊबाईंना असंच बघायचंय. एवढ्याशा."