उठाव नसलेला सोफा

"हे बघा, कुणाचाही हात धरायचा नाही," बायको दारात उभी राहून म्हणाली. "कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं. धड आलात, तर मी लेकीला फोन करून सांगते की बाबा चालते झाले. हात धरावा लागला, तर ती रविवारी गाडी घेऊन येतेय आणि आपण सामान बांधतोय."

"आणि वाटेतल्या न्हाव्याने आपण होऊन धरला तर?"

"न्हाव्याला म्हणावं, आधी माझ्याशी गाठ आहे."

कंडक्टरांनी काठी उचलली आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी सगळी गल्ली त्यांना कंडक्टरच म्हणायची. सारी नोकरी बसमध्ये उभ्याने झालेली. जन्मभर लोकांना "बसून घ्या, बसून घ्या" म्हणणारा हा माणूस स्वतः कधी बसला नाही, आणि म्हातारपणी खुब्याने त्याचं उट्टं काढलं. खुबा बदलावा लागला. ऑपरेशन झकास झालं, डॉक्टर स्वतःवरच खूश झाले, आणि कंडक्टरांच्या वाट्याला नियम आले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या फिजिओबाईंनी पहिल्याच दिवशी तंबी दिली होती. "गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. कमरेतून पुढे वाकायचं नाही. खाली पडलेलं उचलायचं नाही. नाहीतर नवा सांधा निखळेल, आणि मग परत टेबलावर!"

त्या दिवसापासून घरातली बसायची प्रत्येक वस्तू चार बोटं वर गेली. पलंगाखाली ठोकळे आले, खुर्चीवर दोन उशा चढल्या, आणि संडासात अशी काही उंच बैठक आली की तिच्यावर बसलं की सिंहासनावर बसल्यासारखं वाटे, फक्त दरबार तेवढा भरत नसे.

लेकीचा जीव बापावर. ती रोज फोनवर म्हणे, "बाबा, आमच्याकडे लिफ्ट आहे, मदतीला माणूस ठेवू, पूर्ण बरे होईपर्यंत या." या 'पूर्ण बरे होईपर्यंत'चीच कंडक्टरांनी धास्ती घेतली होती. त्यांच्या ओळखीतली जी जी माणसं मुलांकडे बरी व्हायला गेली, ती बरी झाली, गुटगुटीत झाली, पण परत काही आली नाहीत. त्यांच्या दारांवर दुसऱ्यांच्या पाट्या लागल्या. कंडक्टरांना आपलं दोन खोल्यांचं घर सोडून कुठेही जायचं नव्हतं, आणि हे लेकीला तोंडावर सांगायची छाती होत नव्हती. म्हणून ही परीक्षा. आजवर फिरायला निघाले की बायको मागून त्यांचा सदरा मुठीत धरून चालायची. आज पहिल्यांदा ती मूठ सुटली होती, आणि पाठ कशी मोकळीमोकळी वाटत होती.

न्हावी हातातला वस्तरा तसाच घेऊन बाहेर आलाच. "कंडक्टर, हात देऊ?"

"हात खिशात ठेव. आणि आधी तो वस्तरा ठेव."

औषधाचं दुकान आलं. इथे परत फिरायचं ठरलं होतं, आणि शहाणा माणूस फिरलाही असता. पण गल्ल्यावरच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "अगंबाई! काका, तुम्ही तर पळायलाच लागलात की!" स्तुती कुणाच्या डोक्यात जाते, कुणाच्या छातीत. कंडक्टरांच्या ती पायात गेली. ते चौकापर्यंत गेले. मग चौक ओलांडला. आणि चौक ओलांडल्यावर मांडी थरथरायला लागली.

आता बसणं भाग होतं. पण बसायचं कुठे? फूटपाथचा कठडा खाली, दुकानांच्या पायऱ्या खाली, झाडाभोवतीचा पार तर त्याहून खाली. खुबा नवा असला की सगळी दुनिया बुटकी वाटायला लागते. समोर फर्निचरचं दुकान दिसलं, तसे कंडक्टर काठी टेकत आत शिरले. दारातच एक ताठ पाठीची, उंच, देखणी खुर्ची उभी होती. जणू फिजिओबाईंनी मापं देऊन करवून घेतलेली. तिच्या गळ्यात पाटी होती, 'पॉलिश ओले आहे.' शेजारी एक भलामोठा तपकिरी सोफा होता. दिसायला तोही चांगला उंच होता. कंडक्टर शिकवल्याप्रमाणे पाठमोरे झाले, पिंढऱ्या सोफ्याला टेकवल्या, पाय पुढे सोडला आणि बसले.

बसले ते बसतच गेले. सोफा आतून पार पोकळ असावा. बूड खाली, अजून खाली, आणि दोन्ही गुडघे छातीपाशी भेटायला आले. पहिला नियम तिथेच मोडला. कंडक्टरांनी श्वास रोखून खुब्याचा कानोसा घेतला. काही कट्‌ वाजलं नाही. पण उठायचं तर पुढे वाकायला हवं, आणि वाकायला तर बंदी. जोर लावायला दोन्ही बाजूंना हात टेकावेत, तर हात कोपरापर्यंत आत जात होते. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, इथे बुडत्याचं बूडच खोलात होतं. एवढ्यात काठी घसरून खाली पडली, आणि खाली पडलेलं तर उचलायचं नव्हतं. काढता पाय घ्यावा, तर पायच काढता येईना.

स्प्रिंगा कुरकुरल्या तसे आत वर्तमानपत्राखाली झोपलेले दुकानमालक जागे झाले. बऱ्याच दिवसांत गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे आधी त्यांना स्वप्नच वाटलं.

"या या काका, बसा ना!"

"बसलोय," कंडक्टर म्हणाले.

मालकांना 'जरा हात द्या' म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण मग बायकोला काय सांगायचं? खोटं बोलायची सवय नव्हती. ज्याने जन्मभर बिनतिकिटवाल्यांना खाली उतरवलं, त्याने म्हातारपणी स्वतः बिनतिकीट प्रवास करायचा? मांडीला जरा विसावा मिळू दे, मग काहीतरी सुचेल, असा विचार करून कंडक्टरांनी गिऱ्हाइकाचा चेहरा केला आणि सोफ्यावर थाप मारली.

"माल चांगला दिसतोय."

"एक नंबर, काका! पण खरं सांगू, मालाला उठाव नाही."

"ते लक्षात आलं माझ्या."

"लोक येतात, बघतात, हलक्या वस्तू घेऊन जातात. हा दोन वर्षं असाच बसून आहे."

मालक कापडाचे नमुने आणायला आत पळाले, आणि तेवढ्यात दुकानात एक तरुण जोडपं आलं. नवं घर मांडत होते. ठरवून ठेवलेलं कपाट न्यायला टेम्पो बाहेर उभा केला होता, दोन हमालही सोबत होते. पण तरुणीची नजर गेली ती थेट सोफ्यात रुतून बसलेल्या, डोळे अर्धवट मिटलेल्या, हालचाल म्हणून न करणाऱ्या म्हाताऱ्याकडे.

"काका, आरामशीर आहे का हो?"

कंडक्टरांनी काय तो खराखुरा जबाब दिला. "बाळ, एकदा बसलं की उठवत नाही."

"बघ!" ती नवऱ्याकडे वळून म्हणाली. "आपल्याला अगदी असाच हवा होता."

"किती वेळ बसलाय तुम्ही?" नवऱ्याने विचारलं. तो जरा चौकस होता.

"बराच वेळ. अजूनही उठेन असं वाटत नाही."

एवढ्या शिफारशीवर कुणीही विरघळलं असतं. मालक नमुने घेऊन बाहेर येईपर्यंत सोफा विकला गेला होता. मालकांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं. कपाटाबरोबर सोफाही आत्ताच नेतो, असं ठरलं, आणि हमाल खांद्यावरचे टॉवेल सारखे करून पुढे आले.

"चला काका, उठा."

"उठतो की. घाई काय आहे?"

हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. मालकांनी कंडक्टरांकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते कानाशी वाकून कुजबुजले, "काका, मनात भरलाय ना? मग आधी नाही का सांगायचं! आता काय करू मी?"

"मला नकोय हो!"

"आम्ही आधी घेतलाय," नवरा म्हणाला.

"पण आधी ते बसलेत," मालक म्हणाले.

"बसलं म्हणून काय घेतलं? बँकेत बसलं म्हणून काय बँक घेतली?"

आवाज चढले. रस्त्यावरची दोन-चार माणसं दारात थबकली. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याने सोफ्यावर कब्जा केलाय. दुसरा म्हणाला, बरोबर आहे, त्याचे पैसे बुडवले असतील. तरुणी रडकुंडीला येऊन कंडक्टरांसमोर उभी राहिली. "काका, तुमच्या मुलीने नव्या घरासाठी घेतला असता, तर तिच्याशीही असंच वागला असता का?"

हे मात्र वर्मी लागलं. लेकीचं नाव निघाल्यावर कंडक्टरांना गप्प बसवेना. "बाळ, घेऊन जा गं. सुखाने घेऊन जा."

"मग उठा ना!"

"काका, या, हात द्या," म्हणत नवऱ्याने हात पुढे केला.

तो हात कंडक्टरांच्या नाकासमोर आला. चांगला दणकट, उमदा हात होता. धरला की क्षणात उभे राहिले असते. पण कंडक्टरांना त्या हातामागे रविवारची गाडी दिसली, बांधलेलं सामान दिसलं, आपल्या दारावरची दुसऱ्याची पाटी दिसली.

"हात लावायचा नाही!" ते ओरडले.

थोरला हमाल वैतागला. "मग काय, सोफ्यासकट उचलून नेऊ तुम्हाला?"

कंडक्टरांनी दोन्ही हमालांचे खांदे न्याहाळले. "ने," ते हळूच म्हणाले. "पण आधी मागून उचल."

"मागून?"

"पुढून उचललंस तर मी आणखी आत जाईन. दोघं मागे जा. पाठ धरा, सावकाश वर घ्या. मी थांब म्हटलं की थांबायचं. चला!"

तो 'चला' असा निघाला की दारातली माणसंसुद्धा नकळत दोन पावलं पुढे सरकली. हमालांनी सोफ्याची पाठ धरली. सोफा मागून वर येऊ लागला, तसे कंडक्टर कलत्या पोत्यातल्या धान्यासारखे हळूहळू पुढे सरकू लागले. डाव्या हाताने त्यांनी सोफ्याचा हात घट्ट धरला. पाय जमिनीला लागले. "अजून थोडं... अजून... थांब!" आणि सोफ्याने त्यांना अलगद त्यांच्याच पायांवर उभं केलं.

कुणीतरी टाळी वाजवली. तरुणीने काठी उचलून दिली. खुबा जिथल्या तिथे होता. मालक दारापर्यंत पोचवायला आले. "काका, उद्याही या. आतमध्ये एक दिवाण आहे, त्यालाही उठाव नाही."

"नको," कंडक्टर म्हणाले आणि निघाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी मनातल्या मनात वकिली सुरू केली. हात धरला? नाही. सोफ्याचा धरला, पण सोफा माणसांत मोडत नाही. हमालांनी उचललं? उचलला तो सोफा. पण उशीर किती झाला! ती दारात उभी असेल, डोळ्यांत प्राण आणून. कदाचित एव्हाना लेकीला फोनही गेला असेल. या धास्तीने ते जाताना चालले नव्हते इतके झपाझप चालले. न्हाव्याने तोंड उघडलं, पण त्यांची चाल पाहून मिटून घेतलं.

दाराला कुलूप होतं.

कंडक्टरांनी ते दोनदा ओढून पाहिलं. आपल्याला शोधायला गेली! उन्हात वणवण करत असेल, जो भेटेल त्याला विचारत असेल, आणि आपण तिकडे सोफ्यात पडलो होतो. पायरी बसायला बुटकी होती, म्हणून ते काठीवर भार देऊन उभे राहिले आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. एवढी वर्षं आपण उभे राहिलो याचं आपल्याला कौतुक. पण ऑपरेशन झाल्यापासून ती तरी घटकाभर कुठे टेकली होती?

बऱ्याच वेळाने चपला फटफट वाजवत बायको आली. ती चौकाच्या बाजूने नाही, भलत्याच बाजूने आली. कंडक्टरांना दारात पाहून ती दचकली.

"आलात? इतक्यात?"

"इतक्यात काय? केव्हापासून उभा आहे! तू मला शोधत होतीस ना?"

"तुम्हाला कशाला शोधायचं? तुम्ही काय हरवला होतात?" ती घाईघाईने कुलूप काढत म्हणाली. "मागच्या गल्लीत गेले होते. मैत्रिणीकडे."

आत गेल्यावर तिने आधी फोन लावला. "अगं, बाबा एकटे जाऊन आले. हो, ठणठणीत. पाहिलं ना मी, या दोन डोळ्यांनी! नाही, रविवारी गाडी नको आणूस, नुसती जेवायला ये."

कंडक्टरांनी काठी भिंतीला टेकवली. मग खाकरून म्हणाले, "मला विचारणार नाहीस? मी कुणाचा हात धरला का?"

"धरलात?"

"एकाचाही नाही."

"माझे मात्र सात झाले," बायको म्हणाली. इतका वेळ मिटलेली मूठ तिने टेबलावर उघडली. मुठीत पत्त्याचं एकच पान होतं, बदामाचा एक्का. "सात-आठचा डाव मांडला होता. मला आठ हात करायचे होते. सात केले, आठवा हा असा हातात होता. पण तुमची आठवण झाली, आणि पान हातात तसंच धरून पळत आले. ऑपरेशनपासून पहिल्यांदा एकटी बाहेर पडले होते हो. लेकीकडे गेले असते, तर तिथे पत्ते खेळायला मैत्रीण कुठून आणली असती?"

इतके दिवस कंडक्टर समजत होते की पाठीमागची ती मूठ फक्त त्यांनाच अडकवते. मुठीत अडकलेलं दुसरं माणूस त्यांना आज दिसलं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि हसूही आवरेना. सोफ्याची गोष्ट ओठांवर आली होती, ती त्यांनी गिळून टाकली.

"उद्या कुठपर्यंत जाऊ?" त्यांनी विचारलं.

"उद्या जरा लांब जा," बायको एक्का पदराला पुसत म्हणाली. "आणि अशी घाई नाही करायची. दमलात तर कुठेतरी छान मऊ जागा बघून तासभर बसा."