गाडी लागणारी रुबीना

सन दोन हजार तेवीस. मला एकाहत्तर पुरी झाली होती. त्या वयात मी जन्मात पाहिली नव्हती एवढी ओकणारी पोर पाहिली, आणि तीच आमच्या बसची पुढारी होती.

रुबीना बोर्ली पंचतनची. वय पंचवीस-सव्वीस. बस सुरू झाली, की वडखळ यायच्या आत हिचा चेहरा कच्च्या कैरीसारखा. एका हातात कापलेलं लिंबू, दुसऱ्या हातात पिशवी, आणि दोन उमाशांच्या मधे हुकूम. "हात आत घे रे! पाणी मागं जाऊ द्या! तांडेलबाबांच्या पाठीला उशी द्या!" मग पिशवी. मग परत हुकूम. बरं, ही एका सहलीची गोष्ट नाही. दरवर्षी तीसेक पोरं गोळा करून ही बसनं थेट नेपाळात जाते. तिथल्या एका डोंगरी गावात सगळे आठवडाभर फुकट राबतात, आणि ही ओकत ओकत परत येते. तांडेल म्हणजे मी, होडीचा म्होरक्या; मासेमारीत पन्नास वर्षं काढली. ओकणारे खलाशी मीही पाहिलेत. पण शहाणा खलाशी दुसऱ्या वर्षी रिक्षा घेतो.

ती पहिल्यांदा रेवदंड्याला माझ्या दारात आली, ती होडी मागायला. त्या नेपाळी गावात एक तळं आहे. पुरानं ते फुगलं, पोरांना शाळेत नेणारा तराफा गेला, आणि आता पोरं अख्ख्या तळ्याला वळसा घालून चालतात. हिनं त्यांना आदल्या वर्षी शब्द देऊन ठेवला होता.

"मी म्हटलं, आमच्याकडे होड्या रस्त्यात पडलेल्या असतात," ती म्हणाली.

"रस्त्यात न्हाय, किनाऱ्यावर," मी म्हटलं. "आन पडलेल्या न्हाय, ठेवलेल्या."

पण माझी धाकटी होडी खरंच पालथी पडून होती. फायबरची, हलकी. माझे मुलगे आता मोठ्या बोटीवर जातात, आणि ते ही होडी विकायला निघाले होते. मी म्हटलं, होडी देतो, पण होडी जाईल तिथं मी जाईन. घरात गोंधळ झाला. सून म्हणाली, "बाबा, गुडघे बघा आपले." मी म्हटलं, बस चालणार आहे, मी नाही.

रुबीनानं एकच विचारलं, "तक्रार करणार का?"

"कसली?"

"कसलीही. आमच्या बसचा नियम हाय. तक्रार उतरल्यावर."

हे तिचं पालुपद. बस म्हणजे काय वर्णू? स्वस्तात ठरवलेली. खिडकी उघडली तर लागत नाही, लागली तर उघडत नाही. माझ्या सीटची स्प्रिंग अशा जागी वर आलेली, की मी नाशकापर्यंत डाव्या कुशीवर आणि तिथून पुढं उजव्या. जेवण कुठं पेट्रोल पंपावर, झोप कुठं देवळाच्या ओट्यावर. कुणी तोंड उघडलं, की पुढून पिशवीतून आवाज यायचा, "तक्रार उतरल्यावर!" आणि उतरल्यावर ती खरंच दाराशी उभी राहायची, एकेकाला विचारायची, "बोला, काय होतं?" तोवर पोरांना चहा दिसलेला असायचा. कुणाला काही आठवायचं नाही. मी मात्र आठवणीनं सांगायचो. स्प्रिंग. ती मान हलवायची, "मंजूर!" म्हणायची, आणि स्प्रिंग तिथंच राहायची.

टपावर होडी बांधून आम्ही निघालो तेव्हा मला वाटलं लोक हसतील. हसलेच. नाक्यानाक्यावर गाडी थांबवायचे. मध्य प्रदेशात एका पोलिसानं विचारलं, "नेपाल में समंदर है क्या?"

"नहीं है," रुबीना म्हणाली, "इसलिए तो छोटीवाली ले जा रहे हैं."

सरहद्दीवर मात्र एक साहेब अडून बसला. कागद सगळे बरोबर होते, पण होडी खाली उतरवा, आतून बघायची आहे. ती परत चढवायला अर्धा दिवस गेला असता. साहेब बसमध्ये चढून रुबीनाशी वाद घालायला लागला. ती बिचारी ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा रंग बदलला. ती एवढंच म्हणाली, "साहेब, जरा बाजूला..." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, स्वतःच्या इस्त्रीच्या पँटीकडे पाहिलं, आणि एका उडीत खाली गेले. शिडी मागवून स्वतःच टपावर चढले, होडीत डोकं घालून बघितलं, आणि "जाओ, जाओ" म्हणाले. आमच्या पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या, की त्या साहेबांनीही शेवटी हात हलवला.

मग डोंगर लागला आणि घात झाला. गाव एका वळणापलीकडे राहिलेलं, आणि रस्त्यावर दरड. पलीकडूनही एक बस येऊन थांबलेली. माणसं दगडांवरून चालत इकडची तिकडे होत होती. बस काही जाणार नव्हती.

आमच्यातला संकेत इंजिनिअरिंगचा. पोरगा गुणी. तो म्हणाला, "होडी ड्रायव्हरपाशी राहू दे. रस्ता मोकळा झाला की आणू."

"कधी मोकळा होईल?"

"चार दिवस. आठ दिवस. काय सांगता येतं?"

रुबीना दगडावर बसली होती, तोंड पुसत. ती उठली. "पोरं पाण्याकाठी उभी असतील," ती म्हणाली. "मी गेल्या वर्षी पण मोकळ्या हातानंच गेले होते, संकेत. यंदा परत सांगू, होडी येते मागनं म्हणून?"

मग मी बोललो. आमच्याकडे होडी वर ओढायची असली, की किनाऱ्यावर जो असेल तो हात लावतो. लग्नाला निघालेला असला तरी लावतो. होडी कुणाची, विचारायचं नाही. मी पोरांना म्हटलं, दोरखंड सोडा, आणि तांडेल ओरडतो तसा ओरडलो, "हैसा!"

पोरांनी होडी खाली घेतली, खांद्यावर उचलली. पहिल्या दगडापाशीच पाय सरकले. तेवढ्यात पलीकडच्या बसमधली नेपाळी माणसं धावत आली. टोपीवाला म्हातारा, पाठीवर लेकरू बांधलेली बाई, कुणीतरी हातातली कोंबडी शेजाऱ्याकडे देऊन आला. कुणी विचारलं नाही, कुणाची. त्यांना हैसा कळायला एक हैसा पुरला. नाळेखाली, म्हणजे होडीच्या नाकाखाली, सगळ्यात पुढं, रुबीना. दरडीवर एवढा चढउतार केला, पण पोरीला उमासा म्हणून आला नाही. माझी होडी डोंगरावरून माणसांच्या डोक्यांवर चालली होती. पन्नास वर्षं मी होडी पाण्यावरच पाहिली. अशी उंच कधीच पाहिली नाही.

गावात शिरलो तेव्हा पोरं ओरडत आली, "डुंगा आयो! डुंगा आयो!" डुंगा म्हणजे होडी, एवढं माझ्यासारख्यालाही कळलं.

पुढचे दिवस आम्ही पाण्याकाठी दगडांचा धक्का बांधला. शेवटच्या दुपारी मी घरून आणलेला नारळ फोडला, होडी पाण्यात लोटली, आणि पहिल्या खेपेला सात पोरं शाळेच्या काठाला नेली. त्यांच्या मास्तरीणबाईनं वल्हं असं धरलं, जणू रेवदंड्यातच वाढली. मी काठावर कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. गुडघे? आठवलेसुद्धा नाहीत.

संध्याकाळी रुबीना धक्क्यावर पाय सोडून बसली होती. सगळे नाचत होते, ही नाही. मी म्हटलं, "बाय, काम फत्ते झालं. आता एक सांग. एवढी गाडी लागते, तर दरवर्षी कशाला जीव काढतेस? आगगाडीनं ये, पोरं बसनं येतील."

ती हसली. "बाबा, अब्बा आन दोन्ही भाऊ कुवेतला. अम्मीला जाऊन चार वर्षं झाली. घर केवढं बांधलंय बघायला या. बारा खोल्या. मी एका खोलीत झोपते, बाकीच्यांना कुलपं. रोज संध्याकाळी फिरून बघते, लागलीत का." पाण्यात खडा टाकून म्हणाली, "बसमधून कोणी उठून जाऊ शकत न्हाय ना. तीस माणसं. भांडली तरी तिथंच. खरं सांगू? गाडीत ढवळतं ते काहीच न्हाय. परतीच्या वाटेला बोर्लीचा फाटा दिसला की जे ढवळतं..."

एवढं बोलून तिनं आणखी एक खडा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरड मोकळी झाली होती आणि ड्रायव्हर बस गावात घेऊन आला. खुशीत होता. "तांडेल, होडीचं वजन गेलं. आता मोठ्या हायवेनं सुसाट. परवा रात्री घरी."

"दुसरा रस्ता हाय का?" मी विचारलं.

"हाय की. जुना, गावागावातून. पण वळणं किती! दोन दिवस जास्त जातील. आन त्या पोरीचे हाल होतील."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, पिशव्यांचा गठ्ठा मागं रुबीनाकडे दिला, आणि म्हटलं, "जुन्या रस्त्यानं घे."