काटकसरीची तिसरी गाडी

घरात दोन जुन्या गाड्या असणे हा काही गुन्हा नाही. परंतु ज्या घराचा कर्ता काटकसर विभागाचा उपप्रमुख आहे, त्या घरापुढे पेट्रोल ढोसणारी दोन धुडे उभी असणे शोभत नाही, असे मत खुद्द उपप्रमुखसाहेबांनी एका सुट्टीच्या दिवशी चहा पिताना व्यक्त केले. घरात कोणीच हरकत घेतली नाही. त्यामुळे साहेब जरा अस्वस्थच झाले. हरकतीशिवाय मंजूर झालेली गोष्ट त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

त्या दोघींपैकी थोरली वडिलांच्या वेळची. ती सुरू झाली की शेजारी खिडक्या लावून घेत. धाकटी साहेबांच्या बायकोची, आणि सुरू व्हायचे की नाही हे सर्वस्वी तिच्या मर्जीवर असे. बायको फिजिओथेरपिस्ट होती. घरोघरी जाऊन लोकांचे आखडलेले हातपाय चालते करायची. सध्या तिचा जीव एका म्हाताऱ्या घड्याळजीत अडकला होता. अर्धांगवायूने त्याची एक बाजू गेली होती आणि तो राहायचा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सुरुवातीच्या दिवसांत रोज व्यायाम झाला तर तो चालेल, नाहीतर पलंग कायमचा, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते.

"अहो, त्यात एवढा विचार कसला?" बायको म्हणाली. "दोन्ही विकून टाकू आणि एक लहान गाडी घेऊ. मी वेळेवर पोचले म्हणजे झालं. तुम्हाला न्यायला ऑफिसची गाडी येतेच."

"अगं, निर्णय असे घेत नसतात," साहेब समजुतीने म्हणाले.

संध्याकाळी समिती स्थापन झाली. अध्यक्ष साहेब, सदस्य मातोश्री. बायकोला निमंत्रित म्हणून बसू दिले. मताचा अधिकार मात्र दिला नाही, कारण गाडी तीच चालवणार असल्याने तिच्याकडून तटस्थपणाची अपेक्षा करता येत नव्हती. चर्चा रंगात आली असता मातोश्रींना डुलकी लागली व ती संमती समजण्यात आली. ठरले ते असे की, आधी जुन्या गाड्यांचे निर्लेखन, मगच नवीची खरेदी. वस्तू निकामी झाली असे ठरवून ती दप्तरातून काढून टाकणे याला निर्लेखन म्हणतात. साहेबांच्या कार्यालयातून या पद्धतीने आजवर एक मोडकी खुर्चीसुद्धा बाहेर गेली नव्हती. पद्धत किती काटेकोर आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मेकॅनिक आला. दोन्ही गाड्यांखाली आडवा झाला, हात पुसत उठला.

"धक्का दिला की चालतायत, साहेब."

"म्हणजे निकामी नाहीत?"

"चालतायत म्हणालो मी. बऱ्या आहेत असं कुठं म्हणालो?"

"चालणारी वस्तू काढून टाकता येत नाही."

"मग धक्का देऊ नका."

"बंद पडलेली विकली तर भंगाराचा भाव येणार. तो तोटा कोण सोसणार?"

"मग दुरुस्त करून विका की."

"दुरुस्त केल्यावर ती उत्तम चालेल," साहेब विजयी मुद्रेने म्हणाले. "उत्तम चालणारी गाडी कोणी विकतं का?"

मेकॅनिकने डोके खाजवले आणि दोन्ही गाड्या दुरुस्तीसाठी ओढून नेल्या. असले गिऱ्हाईक हातचे जाऊ द्यायचे नसते, एवढे त्याला धंद्याने शिकवले होते.

आता दारापुढे गाडीच उरली नाही. बायको पायपीट करू लागली. एक बस पकडायची, दुसरी चुकायची आणि घामाघूम होऊन घड्याळजीकडे उशिरा पोचायचे. आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळे लावून दिलेल्या माणसाला तो उशीर सोसवत नसे. "ताई, माझा पाय वाट बघतो आणि झोपून जातो," तो वाकड्या ओठांनी म्हणे. घरी आल्यावर तिने हे नवऱ्याला सांगितले आणि सांगतासांगता तिचे डोळे भरून आले. साहेबही हेलावले. त्यांनी, मातोश्री झोपलेल्या असतानाच, तातडीची सभा घेतली आणि जुन्या गाड्या परत येईपर्यंतची तात्पुरती व्यवस्था म्हणून एक लहान, काटकसरी गाडी खरेदी केली.

गाडी गुणाची होती. पेट्रोलपंपावरच्या माणसाला दर वेळी नव्याने ओळख करून द्यावी लागेल इतकी क्वचित तिकडे फिरकायची. बायको रोज वेळेवर पोचू लागली, आणि एके दिवशी घड्याळजीने पायाचा अंगठा हलवला. त्या आनंदात ती घरी आली, तर दारात थोरली आणि धाकटी नवे टायर, नवा रंग लेवून उभ्या होत्या. दोनाची एक करायला निघालेल्या घरात तीन गाड्या झाल्या होत्या.

साहेब डगमगले नाहीत. त्यांनी लहान गाडीचे बारकाईने निरीक्षण केले. बायको तिला बाहेर काढते त्या दिवशी पेट्रोलचा काटा खाली जातो. गाडी कापडाखाली झाकलेली असते त्या दिवशी तो जागचा हलत नाही. निष्कर्ष उघड होता. काटकसरी गाडी जितकी कमी वापरावी, तितकी ती अधिक काटकसरी ठरते. उलट, जुन्यांवर एवढा खर्च केल्यावर त्या न वापरणे ही शुद्ध उधळपट्टी. म्हणून यापुढे आधी थोरली, ती अडली तर धाकटी, आणि दोघी अडल्या तरच अध्यक्षांच्या परवानगीने लहान गाडी, असा क्रम ठरला.

"आणि तुम्ही मीटिंगमध्ये असलात तर?" बायकोने विचारले.

"मीटिंग संपेपर्यंत दोघींपैकी एक सुरू होईलच."

हे बोलत असताना ऑफिसची लांबलचक गाडी दारात उभी होती. साहेबांचा नाश्ता उरकेपर्यंत आतली हवा थंड राहावी म्हणून ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवले होते. ती या हिशेबात नव्हती. ती घरची नव्हती.

असा प्रयोग झाकून राहत नाही. 'एक घर, एक लहान गाडी' या विषयावर साहेबांचे जाहीर व्याख्यान ठेवले गेले. सभागृह खचाखच भरले. प्रवेशद्वाराशी लहान गाडी रिबीन बांधून प्रदर्शनात मांडली होती. पहिल्या रांगेत बायको बसली होती. व्याख्यान ऐन भरात असताना तिचा फोन थरथरला. घड्याळजीची मुलगी होती.

"ताई, बाबा उठून उभे राहिलेत! खिडकीचे गज धरून. बसा म्हटलं तर बसत नाहीत. म्हणतात, ताई आल्यावर पहिलं पाऊल टाकणार. पाय लटपटतायत हो त्यांचे, मला एकटीला आवरायचे नाहीत. लवकर या!"

बायको सरळ व्यासपीठावर गेली. "चावी द्या."

साहेबांनी माइकवर हात ठेवला. "अगं, प्रदर्शनातली वस्तू हलवता येत नाही. थोरली बघ ना."

"थोरली घरी आहे, आणि बंद आहे. धाकटीही." तिने त्यांच्या खिशातून चावी काढून घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात समितीचा ठराव मोडण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. लोकांना वाटले, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती बाहेर धावली, रिबीन तोडली, गाडी सुरू केली. सुरू झालीही पहिल्याच चावीला. पण पुढे जायला वाट नव्हती. काटकसर ऐकायला आलेला प्रत्येक जण आपापल्या गाडीतून एकटा आला होता, आणि त्यातल्या एकाने, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे म्हणून, आपली गाडी नेमकी फाटकात आडवी लावली होती. माइकवरून दोनदा सूचना झाली. प्रत्येकाने वळून शेजाऱ्याकडे पाहिले. उठले कोणीच नाही.

ती अजून हॉर्न वाजवते आहे. म्हातारा अजून गज धरून उभा आहे. आपण ही हकिगत इथपर्यंत वाचलीत, मधेमधे साहेबांना हसलात, त्याबद्दल आभारी आहोत. आता कृपा करून उठा, आणि तेवढी आपली गाडी फाटकातून काढा.